अ. ब. क. यांची तक्रार

माझ्या नाकावर राग असतो आणि पायाला भिंगरी. वर्गात मला खुर्ची आहे, पण ती हजेरी मांडण्यापुरती. हजेरी झाली की मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत शिकवते, आणि माझी पाठ वळली की कोणीतरी कमरेवर हात ठेवून माझी चाल करून दाखवतं, हेही मला माहीत आहे. घरचे म्हणतात, जरा टेक. टेकणं मला जमत नाही. गेल्या वर्षी तर अजिबातच जमलं नाही, त्याची ही हकिकत.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. वरसे ओलांडून धाटावकडे जाताना आतल्या रस्त्याला लागते. मी राहते पेणला. सकाळी एसटीने येते, संध्याकाळी एसटीने जाते, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात गाडी हाकते. शाळेतली मुलं आसपासच्या वाड्यांवरची. बाप भातशेती सांभाळून कंपनीत शिफ्ट करतात, आया हंगामात वालाच्या शेंगा आणि भाजी घेऊन रोह्याच्या बाजारात बसतात. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी निबंध घातला, 'माझा गाव'. वह्या एसटीत मांडीवर घेऊन तपासायला लागले आणि नागोठणं यायच्या आत माझं डोकं फिरलं. प्रत्येकाचा गाव निसर्गरम्य. प्रत्येकाच्या गावात नदी झुळझुळ वाहते, पक्षी किलबिल करतात आणि लोक गुण्यागोविंदाने राहतात. नुकतीच दोन घरांत बांधावरून मारामारी झाली होती, पोलीस येऊन गेले होते, आणि त्यातल्याच एका घरच्या पोराने 'गुण्यागोविंदाने' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारली होती. मी वह्या मिटल्या आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत रागावून बसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, गावात तुम्हाला न आवडणारं असं काहीच नाही का? मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, निबंधात वाईट लिहायचं नसतं ना?"

तिने ते खरोखरच विचारलं होतं. या मुलीचं नाव मी इथे घालत नाही. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, अक्षर मात्र टपोरं. वर्गात ती फार बोलायची नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही तर पटली नाही, मग तुम्ही डोक्यावर उभे राहा.

मी म्हटलं, आज फक्त वाईटच लिहायचं. गावातली एक गोष्ट, जी तुम्हाला बदलून हवी आहे. आणि ती बदलणं कोणाचं काम आहे, तेही लिहायचं. नागरिकशास्त्रात आमचा ग्रामसभेवर धडा झाला होता. मुलं तो घडाघडा म्हणायची. ग्रामसभा कुठे भरते म्हणून विचारलं तर एक जण म्हणाला, पुस्तकात. मला हसू आवरलं नाही, पण ते पोरगं काही खोटं बोलत नव्हतं.

त्या दिवशी मुलांनी जे लिहिलं ते मी उभ्या उभ्या वाचून काढलं. माकडं कौलं काढतात. मॅच रंगात आली की लाइट जाते. खिचडीत वाटाणे असतात असं फळ्यावर लिहितात, पण ताटात येत नाहीत. आत्या आली की मला ओटीवर झोपायला लावतात, हे सरपंचांनी बघावं. एकाने तर माझीच तक्रार केली होती की बाई फार फिरतात, त्यामुळे मान दुखते. अक्षरं गिचमिड, वाक्यं अर्धवट, पण एकही नदी झुळझुळ वाहत नव्हती.

त्या मुलीने चपलेबद्दल लिहिलं होतं. झालं होतं असं. आमची शाळा पाचला सुटते आणि साधारण तेव्हाच कंपनीची जनरल शिफ्टही सुटते. कामगारांच्या बसगाड्या बाजारातली गर्दी टाळायला आमच्या आतल्या रस्त्याने घुसतात आणि शाळेच्या दारावरून सुसाट जातात. मुलं रस्ता ओलांडत असतात. आठवड्यापूर्वी पहिलीतली एक चिमुरडी घाबरून मागे पळाली, तिची एक चप्पल रस्त्यात राहिली आणि बस त्या चपलेवरून गेली. मुलगी वाचली. चप्पल डांबराला चिकटून बसली होती, ती काढताना सगळे हसले. मीही, सुटकेच्या भरात असेल, हसले होते. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने लिहिलं होतं, 'सगळे हसले. मला हसू आलं नाही. चपलेत पाय असता तर कोणी हसलं नसतं. हे काम ग्रामपंचायतीचं आहे, कारण रस्ता ग्रामपंचायतीचा आहे.'

मी ते वर्गात वाचून दाखवलं. माकडं, मॅच आणि आत्या मागे पडल्या. वर्गाने ठरवलं की शाळेसमोर गतिरोधक हवा, आणि त्यासाठी अर्ज करायचा. मजकूर तिचाच ठेवायचा यावर कोणाचं दुमत नव्हतं. अर्ज कसा लिहायचा ते मुलांना चांगलं ठाऊक होतं, स्पर्धा परीक्षेसाठी मीच तर घोटून घेतलं होतं: प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. मी मुद्दाम हात लावला नाही. पाकीट चिकटवेपर्यंत मी त्यात डोकावले नाही, याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटत होता.

मधल्या सुट्टीत चार मुलांना घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, भले गृहस्थ आहेत. त्यांनी मुलांना बाकावर बसवलं, पाकीट फोडलं, चष्मा लावून वाचायला घेतलं आणि शेवटी पोचल्यावर चष्मा काढून हसायला लागले. कागद माझ्यापुढे धरला. अर्जाच्या वर लिहिलं होतं, क्ष विद्यालय, मु. पो. य. आणि खाली, आपले विश्वासू, अ. ब. क.

परीक्षेत पत्रावर स्वतःचं नाव लिहायचं नसतं. ओळख पटू नये म्हणून अ. ब. क. लिहायचं, गावाचं नाव क्ष किंवा य. ज्याने स्वतःचं नाव लिहिलं त्याचे मार्क गेले. मुलांनी शिकवलेलं तंतोतंत पाळलं होतं.

ते म्हणाले, बाई, निनावी अर्जाला आवक नंबर देता येत नाही. आणि य गावात मी गतिरोधक घालू तरी कसा? मुलं खिदळली, मीही हसले. परत येताना मात्र माझी चिडचिड सुरू झाली. चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती; नाव घालायचं आणि पुन्हा द्यायचं. तेवढंच तर काम होतं.

वर्गात विचारलं, कोण नाव घालणार? सगळे हात वर. काहींनी दोन्ही हात वर केले. मी खूश होऊन मुख्याध्यापकांना सांगायला गेले. ते माझ्याच वयाचे, गावातलेच, सावध माणूस. म्हणाले, मुलांचं नाव शाळेबाहेरच्या कागदावर जाणार असेल तर घरी विचारून येऊ दे. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकही हात वर आला नाही. मुलं बाकाकडे बघत होती. कोणी म्हणालं, बाबा नाय म्हणाले. कोणी म्हणालं, आजा ओरडला. आदल्या दिवशी दोन हात वर करणारा तर म्हणाला की त्याला मुळात गतिरोधकच आवडत नाहीत.

कारण मला मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या ताईंकडून कळलं. त्या बसगाड्या गावातल्याच एका ठेकेदाराच्या होत्या. निम्म्या घरांतले बाप त्याच्या शब्दावर कंपनीत कंत्राटी लागले होते, आणि तसंच एका शब्दावर घरी बसले असते. आणि आपल्याकडे पोराने नाव लिहायचं म्हणजे एकट्याचं लिहिता येतं कुठे? आधी स्वतःचं, मधे बापाचं, मग आडनाव. पोराने अर्जावर सही केली की बापाची आपोआप झाली. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, रोज हजेरीत ही तिपेडी नावं पुकारते, पण त्यातला मधला पेड किती जड असतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, मग मी सही करते. मुख्याध्यापकांनी मान हलवली. तुम्ही सरकारी नोकर, शिवाय तुम्ही या गावच्या नाही. "बाई, तुम्ही पाचला एसटीत बसता. आम्हाला रात्रीही इथंच राहायचं हाय." ते एरवी माझ्याशी शुद्ध बोलतात. तेव्हा नाही बोलले.

मी त्यांच्यावर चिडले, पालकांवर चिडले, घरी येऊन नवऱ्यावर चिडले. त्याने माझी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, आपल्या बिल्डिंगसमोरच्या गटारासाठी एक अर्ज तुझ्या वर्गाकडूनच लिहून आण, इथेही सह्या करायला कोणी तयार नाही. मी ताट आपटलं. खरं म्हणजे तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला.

पुढचे काही दिवस मला कुठेच बरं वाटेना. वर्गात बेरजा शिकवताना खिडकीतून रस्त्याकडे बघायची. पाचला शाळा सुटली की फाटकात उभी राहून दोन्ही हात पसरून मुलांना अडवायची, बस गेली की सोडायची. एके संध्याकाळी वडखळला एसटी ट्रॅफिकमध्ये अडकली तर मी बसल्या जागी इतकी चुळबुळ केली की शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला उलटी होतेय का? मी तिथेच उतरले आणि गाड्यांच्या कडेने चालायला लागले. थोड्या वेळाने तीच एसटी मला मागे टाकून निघून गेली.

आणि मग एका दुपारी ती मुलगी टेबलाजवळ आली. तिने अर्ज नव्या कागदावर लिहून आणला होता. शाळेचं नाव खरं, गावाचं नाव खरं, आणि खाली टपोऱ्या अक्षरात तिचं पूर्ण नाव. मी आनंदाने वाचायला घेतलं आणि मधल्या नावाशी येऊन थबकले. तिचा बाप ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. पालकसभेला एकदा खाकी शर्टातच आला होता, म्हणून माझ्या लक्षात होतं.

मी हळूच विचारलं, चपलेवरून गेली ती बस कोणाची होती?

"बाबांची," ती म्हणाली.

घरी विचारलंस का? आईला विचारलं, ती म्हणाली. आई काय म्हणाली? आई म्हणाली, बाबांना विचार. आणि बाबांना? ती कागदाची कड नखाने सरळ करत राहिली.

तो कागद घेऊन मी सरळ ग्रामपंचायतीत जाऊ शकत होते. माझा स्वभाव तसाच आहे, आणि पाय त्या दिशेला वळलेही होते. पण पोरीने कागदावर जे लिहिलं होतं त्याची किंमत तिला नव्हे, तिच्या बापाला मोजावी लागणार होती, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. शाळा सुटल्यावर मी एसटी सोडली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.

आई अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. बाई दारात म्हटल्यावर ती गडबडली, पदराने ओटी पुसून मला बसायला सांगितलं. मी येण्याचं कारण सांगेपर्यंत तिचा हात शेंगांमध्ये चालू होता, मग थांबला.

"नाव खोडा ओ बाई," ती म्हणाली. "पोरीला काय कळतंय? उद्या तो म्हणाला, येऊ नको, तर आम्ही कुनाच्या दारात जायचं?" मुलीकडे वळून म्हणाली, "आणि गो, बापाची गाडी कागदावर घालतात होय?"

मुलगी खांबाला टेकून उभी राहिली. आईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं आणि पोरीने लिहिलेलंही. मी उठले, बसले, पुन्हा उठले. तेवढ्यात मुलीचा बाप आला. मोटरसायकल लावली, हातपाय धुतले, आणि मला बघून आधी मुलीकडे पाहिलं, काही खोडी केली का म्हणून.

मी कागद त्याच्या हातात दिला. तो ओटीच्या पायरीवर बसून वाचायला लागला. घाई केली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर त्याने कागद गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता मुलीला विचारलं.

"घरात बाप हाय ना तुला? मला सांगायचं सोडून पंचायतीत कशाला?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "जेवताना सांगितलं. परत सकाळी सांगितलं. तुम्ही हसलात, बाबा. म्हणून लिहिलं."

आईने सूप उचललं आणि उगाच आत गेली. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की लिहायला शिका, लिहिल्याने मार्क मिळतात, नोकरी मिळते, अर्ज करता येतो. माणूस लिहायला का बसतो हे या पोरीने मला ओटीवर उभं राहून सांगितलं. बापाने कागदाची घडी घातली, मला परत दिली आणि बायकोला आवाज दिला, बाईंना चहा टाक.

चहा झाला. नावाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा एवढंच म्हणाला की ठेकेदाराने एका गाडीत दोन गाड्यांचं काम काढलंय. एक खेप रोह्यात उतरवून लगेच दुसऱ्यांना आणायला परतावं लागतं, उशीर झाला की पगारातून कापतात. सबब सांगतोय असा त्याचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, मग अर्जाचं काय करू? तो म्हणाला, तुमची एसटी गेली असेल, पुढची फाट्यावर मिळेल.

म्हणजे हो की नाही? मी पेणपर्यंत तेच घोळवत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की तू हे नाव मागे घेतलंस तरी मला तू तेवढीच आवडशील, आपण दुसरं काहीतरी करू.

"मग परत अ. ब. क. लिहायचं?" तिने विचारलं. आणि मग म्हणाली, "बाबा नाय म्हणाले नाहीत, बाई."

ते खरंच होतं. मधल्या सुट्टीत तीच चार मुलं आणि ती, अशी आम्ही पुन्हा ग्रामपंचायतीत गेलो. अधिकाऱ्यांनी खालचं नाव वाचलं, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. या वेळी ते हसले नाहीत. आवक नंबर पडलेली पोच मुलांनी रस्ताभर आळीपाळीने हातात धरून आणली.

त्यानंतर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत माझा जीव खालीवर होत राहिला. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ठेकेदार एकदा शाळेत आला, ऑफिसात बसून चहा प्याला, मुलांच्या लेखनाचं कौतुक केलं आणि कोणाची पोर ती, असं हसत हसत विचारून गेला. त्याला ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं. मी रोज पाचला फाटकात उभी राहायची. त्या माणसाची बस आली की त्याचा चेहरा वाचायला बघायची. कधी बस हळू जायची, कधी नेहमीसारखी सुसाट. तो समोर बघून चालवायचा. गाडीवर अजून तोच आहे एवढं बघितलं की मी सुटकेचा श्वास सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा तेच.

मला धीर नाही, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. गतिरोधक झाला. ऐन उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आणि इतका उंच झाला की लोक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. ठेकेदाराने त्या माणसाला कामावरून काढलं नाही, पण आमच्या बाजूची फेरी काढून घेतली आणि नागोठण्याच्या लांबच्या फेरीवर टाकलं. आता तो अंधारात घर सोडतो. त्याची बायको माझ्याशी होळीपर्यंत बोलत नव्हती. बाजारात समोर आले तर शेंगा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची. मी तिला दोष देत नाही. हे असं होईल हे मला तेव्हा माहीत असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी एसटीत पुष्कळदा करते आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं.

तर ती ग्रामसभा. झेंडावंदन झालं, लाडू वाटून झाले, आणि देवळाच्या मंडपात सतरंज्या पडल्या. पुढे खुर्च्यांवर सरपंच, सदस्य आणि ठेकेदार. एका बाजूला बायका, त्यात तिची आई. मी खांबाजवळ उभी. मुलांना खरं तर घरी पाठवलं होतं, पण पाचवीचा अख्खा वर्ग मंडपाच्या कठड्याबाहेर हनुवट्या टेकवून उभा होता. घरपट्टी झाली, नळपाणी योजना झाली, त्यावर नेहमीची भांडणं झाली. मग अधिकाऱ्यांनी आलेले अर्ज वाचायला घेतले.

त्यांनी तो अर्ज सरकारी आवाजात, न थांबता वाचला. चपलेपाशी आले तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी त्यांनी नाव वाचलं, तिन्ही पेडांसकट. बायकांच्या माना वळल्या. पोरगी कठड्यामागे खाली वाकली, आता मला फक्त तिची रिबीन दिसत होती.

ठेकेदार मागे न बघताच बोलला. आवाज गोड होता. म्हणाला, पोरीचं अक्षर छान आहे, पण पाचवीतल्या पोरीला हे सुचतं का? बाईंनी लिहायला लावलं असेल, नाहीतर बापाने. बाप आलाय का सभेला?

मी तोंड उघडलं. मी लिहायला लावलं, असं ओरडून सांगणार होते, मुख्याध्यापक डोळ्यांनी मला दटावत होते तरी. पण मागच्या सतरंजीवरून तो आधीच उठला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, झेंडावंदनाला घातलेला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"पोर माझी हाय," तो म्हणाला. "चपलेवरून गेली ती गाडीपण मीच चालवत होतो. तिनं मला घरात दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाय, म्हणून तिला तुमच्याकडं यावं लागलं. आता तुम्ही तरी ऐका."

एवढं बोलून तो खाली बसायचं विसरला आणि तसाच उभा राहिला.